अर्धदेवाच्या गोष्टीचा शेवट

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आईपाशी नाही, धाकट्या बहिणीपाशी नाही, नवऱ्यापाशी तर नाहीच — तो म्हणेल, एवढंच ना? आणि मग मलाही वाटायला लागेल की एवढंच. म्हणून तुमच्यापाशी बोलते. तुम्ही मध्ये बोलणार नाही आणि माझी समजूतही काढणार नाही.

पण आधी माझी थोडी बढाई ऐकून घ्या, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मला गोष्ट सांगता येते. येते म्हणजे — अशी की ऐकणारीच्या हातातलं काम चालू राहावं आणि जीव मात्र माझ्या तोंडाकडे लागावा. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. केदारखेड्याच्या शिवारात, आमच्या कपाशीच्या प्लॉटमध्ये ते मला सापडलं. नव्वद साल अजून यायचं होतं, आणि मी बारावी होऊन घरी बसले होते.

आमचा प्लॉट बीजोत्पादनाचा होता. जालन्याच्या बियाणं कंपन्या तेव्हा गावोगाव असे प्लॉट द्यायच्या. एका बाजूला नराच्या ओळी, बाकी शेतात मादीच्या. दुपारी बायकांनी मादीच्या कळ्या नखाने सोलायच्या, आतलं केसर काढून टाकायचं आणि कळीवर लाल कागदाची टोपी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तिच्यावर घासायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. एक कळी नजरेतून सुटली की बियाण्यात भेसळ. म्हणून हात हलका हवा आणि बाई रोज तीच हवी. पण ऐन हंगामात साऱ्या शिवारात प्लॉट, आणि बायका गावात असतील तेवढ्याच. कुणी दोनदा चहा पाजला की बाई त्याच्या बांधावर.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या वर्षी प्लॉट माझ्यावर सोपवला. भाऊबंद गालात हसले. पहिल्याच आठवड्यात काही बायका शेजारच्या बांधावर गेल्या आणि मी रडकुंडीला आले. उरलेल्या तरी टिकाव्यात म्हणून मी ओळीतून त्यांच्याबरोबर चालत गोष्ट सांगायला लागले.

गोष्ट एका कादंबरीतली होती. जालन्याला स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर मिळालेली. कव्हर फाटलेलं, लिहिणाऱ्याचं नाव गेलेलं. दोन चंद्रांचा एक मुलूख. तिथे अर्धदेव राहतात — बाप माणूस, आई देवी. त्यांच्यातल्या मेघांकाचा जीव अवनी नावाच्या साध्यासुध्या मुलीवर जडतो. तो तिला लग्न करून ढगांवरच्या महालात नेतो. मेघांकाची आई ही विजेची देवी. सुनेला माणसाचा वास येतो म्हणून ती तिचं ताट वेगळं मांडायला लावते, आणि मेघांक खाली मान घालून जेवत राहतो. मग एक दिवस अवनी एकटी चालत खाली निघून येते.

मला वाटलं होतं, असलं काही बायकांना पटायचं नाही. पण विजेची देवी आली आणि ओळीच्या ओळी हसायला लागल्या. "देवी झाली तरी सासूच की," आमच्या शेजारच्या चंद्रभागाकाकू म्हणाल्या. अर्धदेव म्हणजे नेमकं काय, यावर मात्र बरेच दिवस खल चालला. कुणी म्हणे, अंगात येतं तसं असेल — अमावस्येला देव, एरवी माणूस. शेवटी काकूंनीच निकाल दिला. "आगं, बाप येका वाणाचा, माय दुसऱ्या वाणाची. मंग ह्यो बी क्रॉसिंगचाच की." त्यानंतर मेघांकाला साऱ्या जणी घरच्यासारखं बोलायला लागल्या.

गेलेल्या बायका परत आल्या. शेजारच्याच्याही दोघी आल्या, वर म्हणाल्या, चहा नको, मागचं सांगा. कंपनीचा माणूस ओळीओळीने फिरला, त्याला बोट ठेवायला जागा मिळाली नाही. अण्णा भोकरदनच्या बाजारात कुणाला तरी सांगत होते, "आमच्या पोरीनं बराबर सांभाळलं." मी मागेच उभी होते. तेव्हाची माझी मान अजून खाली आलेली नाही.

आता द्वारका. तिच्याकडेच यायचंय — येते.

द्वारका गावचीच लेक, माझ्याहून थोडी मोठी. बदनापूरकडच्या एका गावात दिलेली. सासूशी बिनसलं म्हणून भावाकडे येऊन राहिली होती. नवरा वाईट नव्हता. त्याने कधी हात उचलला नव्हता. आई बोलायची तेव्हा तो गप्प बसायचा, एवढाच त्याचा गुन्हा. प्लॉटमध्ये तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. आणि तिच्यासारखं ऐकणारंही कुणी नव्हतं. बाकीच्या हसायच्या, मध्ये बोलायच्या. ती काहीच बोलायची नाही. नुसती मान वर करायची — पण बरोबर जिथे करायला हवी तिथे. त्या नजरेसाठी मी गोष्ट लांबवायचे, वळवायचे, नवे प्रसंग घालायचे. एकदा ती तापाने आली नाही, तर मी घसा बसल्याचं सोंग केलं आणि त्या दिवशी गोष्टच सांगितली नाही. तेव्हा मला माझं कळायला हवं होतं, नाही का?

हंगाम भरात असताना तिच्या नवऱ्याचा निरोप आला. त्याने वेगळी चूल मांडली होती. बाजाराच्या दिवशी दुपारी तो फाट्यावर येऊन थांबणार होता. घरी येऊन मेव्हण्याशी वाद घालणार नव्हता. तिने यायचं असेल तर यावं, बसने दोघं जातील. नाही तर तो पुन्हा त्रास देणार नाही.

तिने हे ओळीत माझ्याजवळ येऊन सांगितलं. "ताई, इचार करू राह्यले. जावं बी वाटतं अन् भ्याव बी वाटतं." मग कळी सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अवनी जाती का हो परत?"

कादंबरी माझी वाचून झाली होती. मी म्हणाले, बाजाराच्या दिवशी शेवट सांगते.

बाजाराच्या दिवशी ती बोचकं बांधून घेऊनच शेतात आली. बांधावर ठेवलं आणि ओळीला लागली. आमचं शेत रस्त्याला लागून. दुपारी मला फाट्यावरच्या कडुलिंबाखाली एक माणूस उभा दिसला — पांढरा सदरा, हातात पिशवी. द्वारका वाकलेली, तिची पाठ रस्त्याकडे. ती मला एवढंच म्हणाली, "सांगा की."

आणि मी सांगितलं. मेघांक खाली येतो, दोन्ही चंद्र मावळलेले, नदीच्या उताराशी उभा राहतो आणि तिला हाक मारतो. अवनी पलीकडच्या काठावर. ती त्याच्याकडे बघते आणि पाठ फिरवते. म्हणते, मी वेगळ्या ताटावर जेवत होते तेव्हा तू कुठे होतास? तो तिथेच वाट बघत राहतो. आधी त्याच्यातला देव निघून जातो, मग माणूसही निघून जातो, आणि काठावर उरतो तो दगड. गुरं त्याला अंग घासतात. त्याला शेंदूर लावायलाही कुणी येत नाही.

कुणी हसलं नाही. चंद्रभागाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. द्वारकाने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तसं मला आयुष्यात पुन्हा कुणी ऐकलेलं नाही.

रस्त्यावर बस थांबली, धुरळा उडाला. धुरळा खाली बसला तेव्हा कडुलिंबाखाली कुणी नव्हतं. सांजच्याला द्वारकाने बोचकं उचललं आणि ती भावाच्या घरी गेली.

पुस्तकात असं नव्हतं. पुस्तकात दगड नव्हताच. हे मी आत्ता पहिल्यांदा बोलते आहे.

एका गोष्टीवरून कुणी संसार सोडतं का? तिचं मन आधीच तयार असेल — हे मी स्वतःला फार वर्षं सांगितलं. ते जुनं झाल्यावर दुसरं सांगितलं: प्लॉट भरात होता, तिच्यासारखा हात गेला असता तर अण्णांचं नाक कापलं गेलं असतं. हे ऐकायला बरं वाटतं, मुलगी बापासाठी खोटं बोलली. पण प्लॉटचं थोडंच राहिलं होतं. तेवढं आम्ही ओढून नेलं असतं. मी तिला ठेवून घेतली ती ऐकायला. ती गेली असती तर मी कुणाला सांगितलं असतं?

पुढच्या वर्षी कळलं, त्याने दुसरी केली.

माझं लग्न झालं, मी संभाजीनगरला गेले, तेव्हाच्या औरंगाबादला. खूप वर्षांनी, मोबाइल नुकते गावात आले होते तेव्हा, माहेरी गेले आणि सहज शेताकडे चक्कर मारली. प्लॉट आता भाऊ करायचा. द्वारका होती. केस पिकायला लागलेले; बायका जमवण्याचं काम तिच्याकडेच होतं. तिच्या मागे नव्या पोरी कळ्या सोलत होत्या आणि ती त्यांना सांगत होती — दोन चंद्र, ढगांवरचा महाल, विजेची देवी. माझे शब्द, माझ्या थांबण्याच्या जागा. मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू.

मला बघून ती ओशाळली. पोरींना कामाला लावून मला बांधावर घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "ताई, येक सांगू का? रागवू नका. मी शेवट बदलते. दगडाचा न्हाई सांगत. पोरींना सांगते, ती नदी उतरून गेली त्याच्यासंग." पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं. "पुस्तकात न्हाई ते सांगू राह्यले मी. लबाडीच झाली की. पर मला जमतच न्हाई ते दगडाचं. चालंल का?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. ती माझ्यासमोर उभी होती, आसपास कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "चालतं गं. गोष्टच तर आहे."

ती हसली. माझे उपकार झाल्यासारखी हसली आणि पोरींकडे परत गेली.

पुस्तकात अवनी परत गेली होती. नदी उतरून, स्वतःच्या पायांनी. मेघांकाने तिला उचलून नेलं नाही की विनवलंही नाही. तो नुसता बाजूला झाला आणि तिच्या मागून चालत गेला. द्वारका पोरींना सांगते ते तसंच आहे, आणि हे तिला अजून माहीत नाही. मला माहीत आहे. आणि दगडाचा शेवट पुस्तकातल्यापेक्षा चांगला होता, असं मला आजही वाटतं.