टेपच्या आतले आप्पा

आप्पांनी हवेत टकटक केली, "आत येऊ का?" असं विचारलं, "या" असं स्वतःच उत्तर दिलं आणि नसलेलं दार सरकवून आत गेले. मी लॅमिनेटचे नमुने हातात धरून हॉलमध्ये उभी. त्यांची सून मृणाल डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये. तिने कपाळावर हात मारला आणि खुणेनेच मला सांगितलं, टेप लावल्यापासून हेच चाललंय.

याला कारण आमच्या दुकानाची पद्धत. भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या मागे आमचं वर्कशॉप आहे. आजोबा दारं-खिडक्या करायचे, अब्बांनी फर्निचर केलं, मी घरंच्या घरं रिमॉडेल करते. लोक त्याला इंटिरियर म्हणतात, अब्बा अजून सुतारकामच म्हणतात. त्यांचा एक नियम मी मोडत नाही. काहीही कापायच्या आधी ते काम फरशीवर आखायचं, आणि तिथे खरंच भिंत आहे असं समजून घरच्यांनी आठवडाभर वावरायचं. अब्बा खडूने आखायचे. मी मास्किंग टेप लावते, म्हणजे रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी. ड्रॉइंग दाखवलं की सगळेच मान डोलावतात. प्लायवूड कापून झालं की मग एकेकाला आठवतं, अरेच्चा, फ्रिजचं दार कसं उघडणार?

अर्थात टेप कुणी पाळत नाही. संध्याकाळपर्यंत सगळे भिंतीतून आरपार चालायला लागतात. इतक्या वर्षांत ती पाळणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आप्पा.

नारायण पेठेतला टू बीएचके फ्लॅट. एक बेडरूम निखिल-मृणालची, दुसरी त्यांच्या दहावीतल्या मुलीची. निखिलचे वडील, आप्पा, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. ते हॉलमधल्या दिवाणावर झोपायचे. निखिलने ठरवलं, हॉलचा खिडकीकडचा भाग पार्टिशन घालून आप्पांना द्यायचा. पार्टिशन म्हणजे लाकडी चौकट, दोन्ही बाजूंनी प्लाय, वरून लॅमिनेट. जागा वाचावी म्हणून सरकतं दार. मुलगा वडिलांसाठी खोली करतोय म्हटल्यावर मला त्याचं कौतुकच वाटलं.

आप्पांना वाटलं नाही. "अहो कंत्राटदारीणबाई," ते म्हणाले, "वरून एक झाकणही बसवा. म्हणजे माझं पॅकिंग पूर्ण होईल."

मी फरशीवर टेप लावत होते आणि ते दिवाणावर बसून बघत होते.

"म्हणजे ही आता भिंत."

"हो आप्पा, तसं समजायचं."

"समजलो," म्हणाले आणि पेपर उघडला.

तेवढ्यात बेल वाजली. निखिल आतल्या खोलीत कॉलवर, मृणाल मीटिंगमध्ये. आप्पांचं पान काही हलेना.

"आप्पा, बेल!" मृणाल माइकवर हात ठेवून म्हणाली.

"भिंतीपलीकडचं ऐकू येत नाही."

"अहो, उत्तर देताय म्हणजे ऐकू येतंय!"

"हे अंदाजाने बोललो."

शेवटी दार मी उघडलं. कुरिअर होतं. मी सही करून देते तोवर इस्त्रीवाला आला, त्याच्यामागून सोसायटीचा वॉचमन. तेव्हा माझ्या लक्षात आलं, या घराचं दार आजवर आप्पाच उघडत आले होते. आता ते घरच्यांच्या गळ्यात पडलं. एकदा निखिल हेडसेट कानाला ठेवूनच सिलिंडरवाल्याशी बोलला आणि म्यूट करायचं विसरला. रिकामं सिलिंडर कुठल्या कोपऱ्यात आहे, हे म्हणे त्याच्या अमेरिकेतल्या मॅनेजरनेही ऐकलं.

आठवडा संपायच्या आत निखिलचा फोन. "फरीदाताई, पार्टिशन जरा होल्ड करू या. हॉलमध्ये उजेड कमी होईल असं वाटतंय."

तो फोन ठेवते तोच आप्पांचा. "पार्टिशन हवंच. आणि ते सरकतं दार नको. नेहमीचं उघडमिट करायचं दार लावा. आतून कडी."

अब्बा शेजारी रंध्याच्या पात्याला धार लावत बसले होते. त्यांना मजा वाटली. "भिंत एक, गिऱ्हाइकं दोन. तू कुणाच्या बाजूची गं?"

"मी काम कुणाचं करू, ते सांगा ना अब्बा."

"ते मला काय विचारतेस? जा, त्यांच्याकडे चहा पिऊन ये."

रविवारी गेले. सगळे हॉलमध्ये होते. आप्पा टेपच्या आत, बाकीचे बाहेर.

"आप्पा, तुम्हीच तर खोली नको म्हणत होतात!" निखिल वैतागून म्हणाला.

"म्हणत होतो. तू मला ड्रॉइंग दाखवलंस रे, पण विचारलंस कुठे?"

"बरं, पण हॉलमध्ये अंधार होईल, त्याचं काय?"

"वरच्या दीड फुटात काच घालू, उजेड येईल," मी म्हणाले. झालं. निखिलकडे होतं नव्हतं ते कारण मीच काढून घेतलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की चहा मिळतोय की नाही, मला शंका आली.

मृणाल मात्र सरळ बाई. ती म्हणाली, "खरं सांगते. आप्पा आत गेले तर बेल वाजल्यावर दार कोण उघडणार, एवढंच आहे. ते दिवसभरात किती वेळा उठतात, हे आम्हाला कळलंच नव्हतं."

आप्पांनी पेपरची घडी केली. त्यांच्या आवाजातला टोमणा गेला होता.

"बेलचं काही नाही गं. उठायला माझी कधीच ना नाही. पण या घरात कपडे बदलायला बाथरूममध्ये जावं लागतं, ते फक्त मला. दुपारी डोळा लागला आणि कुणी आलं, की मी उठून बसतो आणि झोपलोच नव्हतो असं दाखवतो. आता नात टेपपाशी थांबते आणि 'आजोबा, येऊ?' म्हणून विचारते. थट्टेने विचारते, पण विचारते. मला ते फार आवडलं."

निखिल उठून टेपपाशी येऊन थांबला. मग म्हणाला, "खोली करू या, आप्पा. पण आतून कडी नको. तुम्हाला काही झालं तर आम्ही दार कसं उघडणार?"

ही काळजी मात्र खरी होती. मी सांगितलं, एक लॅच मिळतं. आतून लावता येतं, पण बाहेरून खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडतं.

आप्पांनी विचार केला. "चालेल. या घरात नाणं आहेच कुणाकडे? सगळे मोबाइलवर पैसे देतात."

निखिलसुद्धा हसला. चहा आला.

मग आम्ही काम केलं. सागवानी चौकट, वर काच, आणि आप्पांच्या आग्रहावरून दोन्ही प्लायच्या मध्ये ग्लासवूल. ही कापसासारखी लादी असते, तिने आवाज पुष्कळ अडतो. घरच्यांनी बेलच्या पाळ्या लावल्या. आप्पांनी सकाळची घेतली आणि दुपारची सपशेल नाकारली.

काम संपलं त्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर आप्पा नव्या खोलीत गेले, दार लावलं, लॅच फिरवलं. आम्ही बाहेर उभे, काहीतरी बोलतील म्हणून. थांबलो. आणखी थांबलो.

"आप्पा, दार नीट बसतंय ना?" मी विचारलं. उत्तर नाही.

निखिलचा चेहरा उतरला. त्याने दाराला कान लावला, आणि हळूच आम्हालाही लावायला सांगितला. आप्पा घोरत होते. भर दुपारी, सगळं घर जागं असताना, कुणाचीही पर्वा न करता.

तेव्हापासून आई-वडिलांसाठी खोली करायची म्हणून कुणी आलं, की कोटेशन मी मुलाला पाठवते. कडी कुठल्या बाजूने हवी, ते मात्र आत राहणाऱ्यालाच विचारते.