पोथीऐवजी गेलेलं पुस्तक

बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशी मी पोथी समजून भलतंच पुस्तक मंचरच्या दवाखान्यात घेऊन गेलो. दर वर्षी जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं पुस्तकांना घालायची मला हौस. त्यामुळे घरातली पोथी आणि माझी आवडती विनोदी कादंबरी बाहेरून जुळ्या बहिणी दिसतात. "मी आत असेपर्यंत पोथी वाचा, मधे उठू नका," एवढंच तिनं मागितलं होतं. तिला आत नेलं. मी बाकावर मांडी घातली, हात जोडले, पुस्तक उघडलं, तर समोर सरपंचाची म्हैस तळ्यात बसलेली!

घरी पिंपळवंडीला जाऊन पोथी आणायची, तर हायवेच्या गर्दीत अर्धा दिवस गेला असता. तिच्या पोटातली गाठ साधी की वाईट, हे डॉक्टरही आधी सांगू शकत नव्हते. आणि मी देवापुढं म्हैस घेऊन बसलेला.

तशी या कादंबरीनं मला पुष्कळदा सावरलंय. दहावीला गणितात उडालो तेव्हा, वडील गेले तेव्हा, टोमॅटोचा अख्खा प्लॉट करप्यानं गेला तेव्हाही मी तीच वाचली. पुढं काय होणार हे पाठ असतं, म्हणून तिथं भीती वाटत नाही. त्या दिवशी मात्र एकच ओळ पाच वेळा वाचूनही डोक्यात शिरेना. उठलो, पाणी प्यायलो, दाराकडं पाहिलं, बसलो, परत उठलो.

शेजारच्या बाकावर पेठ गावच्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "पावणं, बसा की एका जागी! तुमच्या येरझाऱ्यांनी मलाच गरगरायला लागलंय. पोथी हाय का ती?"

"नाही हो आजी. चुकून गोष्टीचं पुस्तक आलंय."

"मंग वाचा मोठ्यानं. माझी सून सकाळधरनं आत हाय. दार बघून बघून डोळं दुखलं."

लाजत लाजत सुरुवात केली. म्हशीला ओढता ओढता सरपंच चिखलात बसला, तशा आजी तोंडाला पदर लावून हसल्या. "लई नालायक म्हस हाय!" हसताहसताच त्यांचे डोळे भरून आले. मी थांबलो, तर माझं मनगट धरून म्हणाल्या, "थांबू नका भाऊ. वाचा."

मी वाचत राहिलो. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, की आपण दाराकडं पाहिलेलंच नाही. जे माझ्या हातात नव्हतं, ते सकाळपासून मुठीत आवळून बसलो होतो. ती मूठ कधी सैल झाली, कळलं नाही. मला सांभाळायला आजींना तिथं कुणी बसवलं, की आजींना सांभाळायला मला, हे मी ठरवत बसत नाही. ज्यानं बसवलं त्याला मनोमन हात जोडतो.

डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती, दिसायला साधी होती, तपासणीला पाठवणार होते. आजींची सून अजून आतच होती. बायको शुद्धीवर यायला वेळ होता, म्हणून मी पुन्हा बाकावर येऊन बसलो आणि सुनेला सुखरूप बाहेर आणेपर्यंत वाचत राहिलो.

आठवड्यानं रिपोर्ट चांगला आला. त्या दिवशी धीर करून बायकोला सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "आत जाताना मी देवाला म्हणलं व्हतं, माझ्यापाशी डॉक्टर हायेत. तू आपला बाहेर बस, त्या माणसापाशी कोण न्हाई."