तिखट लागत नाही

दिनकरकाका गेल्याचा सुमतीकाकूंचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच होतो. "गेले रे," एवढंच त्या म्हणाल्या. मला दुःखाच्या आधी भीती वाटली, हे लिहायला लाज वाटते. वर्षभर काका मला एकच गोष्ट सांगत होते आणि मी ती ऐकून हसत होतो. काकूंना यातलं काहीच ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती. त्या आता विचारतील, असं वाटलं. तेव्हा त्यांनी विचारलं नाही... त्याला आज सहा आठवडे झाले.

काका म्हणजे बॉस्टनजवळच्या श्रूजबरी गावातली जुनी मंडळी, चाळीसेक वर्षांपूर्वी आलेले इंजिनिअर. मी दोन घरं सोडून राहणारा, नागपूरचा आयटीवाला. त्यांची मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला फ्रीमाँटला, माझे आईबाबा नागपुरात, त्यामुळे आमचं छान जमलं. अमेरिकेत येण्याआधी काका दोन वर्षं अल्जीरियात, एका सिमेंट कारखान्यात नोकरीला होते. सांगलीच्या सोवळ्या घरातला हा मुलगा तिथे बाटला तो मेर्गेझमुळे. कोकराच्या मटणाचं, लाल मिरची आणि जिरं घातलेलं बोटाएवढं सॉसेज. निखाऱ्यावर भाजायचं आणि पावात घालून खायचं. पुढे काकूंच्या स्वयंपाकघरात कधी अंडंही शिरलं नाही, आणि काकांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पंच्याहत्तरी उलटल्यावर मात्र एकदा म्हणाले, "यार, मरायच्या आधी एकदा मेर्गेझ खायचंय." मी हसलो. म्हातारी माणसं असं बोलतातच.

शेजारच्या वूस्टरमध्ये एका मोरोक्कन खाटकाकडे ते मिळालं. शनिवारी सकाळी काकूंचं भजन असे. तेवढ्या वेळात गॅरेजचं दार वर करून, दारातच छोट्या ग्रिलवर आम्ही ते भाजलं. पहिल्याच घासाला माझ्या कानातून धूर निघाला, आणि मी सावजी रश्श्यावर वाढलेला! नाक पुसत मी काकांकडे पाहिलं. ते शांतपणे चावत होते. "तिखट लागत नाही," ते म्हणाले. मी त्यांच्यापुढे हात टेकले. मित्रांच्या ग्रुपवर मेसेजसुद्धा टाकला, 'सांगलीने नागपूरला हरवलं.' उरलेली सॉसेजेस काकांनी एका डब्यात भरून गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये ठेवली आणि वर मार्करने लिहिलं, 'ट्यूलिपचे कंद. हात लावू नये.' कंद म्हटल्यावर काकू डबा उघडणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. मला त्या युक्तीचं केवढं कौतुक वाटलं होतं.

मग तो नादच लागला. वूस्टरचं लागत नाही म्हणून प्रॉव्हिडन्स, तिथलं लागत नाही म्हणून बॉस्टनच्या पलीकडचं एक दुकान. दर वेळी आम्ही आणखी लांब जायचो आणि दर वेळी काका तेवढंच म्हणायचे. शेवटच्या दुकानातल्या अल्जीरियन म्हाताऱ्याने खास जास्त मिरची घालून सॉसेज बनवलं, एक तुकडा भाजून काकांना दिला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. ना घाम, ना डोळ्यांत पाणी. त्याने मला बाजूला घेतलं. "तुझे वडील ओके आहेत ना?" असं त्याने इंग्रजीत विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "ही इज फ्रॉम महाराष्ट्र." तो हसला नाही.

परत येताना काका खिडकीबाहेर बघत होते. अचानक म्हणाले, "तुला कधी असं होतं का रे... की लागतच नाही?" मी लेन चेंज करत होतो. म्हणालो, "दुकान बदलू, काका." पुढच्या शनिवारी मी आत पाणी आणायला गेलो आणि बाहेर आलो, तर ग्रिलवर सॉसेजचा कोळसा झालेला, गॅरेजभर धूर, आणि काका शेजारीच खुर्चीत पेपर वाचत बसलेले. "काका, जळतंय!" त्यांनी मान वर केली. "काय जळतंय?"

तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आपल्याकडे तिखट न लागणं ही मर्दुमकी असते. त्यातल्या 'लागत नाही'चा दुसरा अर्थ मला ऐकूच आला नाही.

तीन आठवड्यांनी काका बाथरूममध्ये पडले. स्कॅनमध्ये मेंदूत मोठी गाठ दिसली, कपाळाच्या मागे. काका गुंगीत होते. डॉक्टरांनी विचारलं, वास किंवा चव गेल्याचं कधी बोलले होते का? काकू जरा थांबल्या आणि "नाही" म्हणाल्या. मी खरं बोललो असतो तर मेर्गेझचं सगळं बाहेर आलं असतं. मी बुटांकडे बघत राहिलो. त्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करू शकलेलो नाही.

गेल्या रविवारी काकूंनी गॅरेज आवरायला बोलावलं. फ्रीझर उघडून त्यांनी तो डबा बाहेर काढला. "कंद फ्रीझरमध्ये मरतात रे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं बाग करतेय मी, एवढं कळतं. म्हटलं, खाऊ देत. फार तिखट असतं का हे?"

"फार, काकू."

"आणि ह्यांना?"

"लागत नव्हतं." शेवटी मी बोललो. "वर्षभर सांगत होते मला. मी हसत होतो."

काकू मला रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "घरातही म्हणायचे," त्या हळूच म्हणाल्या. "आमटी लागत नाही, भाजी लागत नाही. मला वाटलं, बाहेरचं चमचमीत खाऊन माझं अळणी लागतंय. मी चिडून मीठ वाढवत गेले... डॉक्टरांना मी काय सांगणार होते?"

डब्यावर बर्फ साचला होता. काकूंनी पदराने तो पुसला, अक्षरं धरून, सावकाश. काकांच्या हातचं 'हात लावू नये' स्वच्छ दिसायला लागलं. मग त्यांनी डबा होता तिथेच परत ठेवला आणि फ्रीझरचं झाकण लावलं.