चहानंतरचं उत्तर

आमच्याकडे ह्यांचं खरं उत्तर चहा झाल्यावरच मिळतं. हे धारला सरकारी बांधकाम खात्यात होते. साहेबांनी काहीही फर्मावलं की तोंडावर "जी सर, हो जाएगा", आणि संध्याकाळी घरी चहा पोटात गेला की मला मराठीत सांगायचे, "नालछ्याचा तो रस्ता काही या वर्षी होत नाही." मग दुसऱ्या दिवशी तेच गोडीगुलाबीनं साहेबांच्या गळी उतरवून यायचे. बाहेर हिंदीत होकार, घरात मराठीत खरं. या दुतोंडीपणाला मी पुष्कळ नावं ठेवली, पण ह्यांची नोकरी सगळी त्यावरच निभावली.

निवृत्तीनंतर आम्ही देवासला आलो. आता ह्यांना डिमेन्शिया आहे. जेवण झालं की नाही ते आठवत नाही. माझ्या माहेरची माणसंही आठवत नाहीत, अर्थात त्याचं दुःख ह्यांना पूर्वीही फारसं झालं नसतं. मला ओळखतात. आणि कोणी अधिकारी वाटेल असं समोर आलं की अजून ताठ होऊन बसतात.

इंदूरच्या दवाखान्यात ह्यांना दाखवायला नेतो तिथे एका नव्या औषधावर संशोधन चाललं होतं. त्यासाठी आधी पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचं आणि मग वरचेवर जाऊन इंजेक्शनं घ्यायची. समजावून सांगणारी डॉक्टर मुलगी चांगली होती. बाकीचे डॉक्टर ह्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात. हिनं खुर्ची ओढली आणि ह्यांच्यासमोर बसून चित्रं दाखवत सावकाश सगळं सांगितलं. औषधानं गुण येईलच असं नाही, हेही सांगितलं. सही मी करायची होती, पण ह्यांची मर्जी असल्याशिवाय ती घेणार नव्हती.

"अंकल, आप इसमें शामिल होना चाहेंगे?"

"जी मैडम, बिल्कुल. जैसा आप कहें."

मला ते औषध हवं होतं. अगदी हवंच होतं. माणूस रोज थोडा थोडा हातातून जाताना नुसतं बघत बसायचं मला जमत नाही. गाडी घेऊन धारहून आलेले धाकटे भावजी शेजारीच उभे होते. म्हणाले, "वहिनी, दादानं हां कर दी ना? मग साइन करून टाका. फालतूमध्ये टेन्शन नका घेऊ."

पेन हातात होतं, ते मी खाली ठेवलं. म्हटलं, "मैडम, ये हां इन्होंने आपको नहीं, अपने साहब को बोली है. इनका असली जवाब घर पे मिलेगा."

भावजींनी कपाळाला हात लावला. मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "तो घर पे ही पूछिए. जो बोलें, वही मुझे बताइए."

घरी येईपर्यंत हे दवाखाना विसरले होते. चहा झाला. मी सगळं पहिल्यापासून मराठीत सांगितलं, सुई कुठे घालणार ते स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवलं. ह्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"त्यानं मी बरा होणार का?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? पण ह्यांच्याशी खोटं बोलायचं तर मग घरी कशाला आणलं? म्हटलं, "ते सांगता येत नाही. मला वाटतं, घ्यावं."

"नको," हे म्हणाले. "तिथे आत मला एकट्यालाच नेतात. तू बाहेर बसतेस."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन लावला. ती मुलगी म्हणाली, एवढंच असेल तर तुम्ही आत बसा, हात धरून बसा, मी व्यवस्था करते. मला इतका आनंद झाला की चहाच्या वेळेपर्यंत धीर निघेना. कालचं ह्यांना आठवत नसणार, तेव्हा नव्यानं विचारायचं, असा माझा हिशेब. चहा झाल्यावर विचारलं, "ते नवीन औषध घेऊ या का? मी आत तुमच्याजवळच बसणार आहे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "काल नको म्हटलं होतं ना? तू आत बसलीस म्हणून सुई तुला टोचणार आहेत का?"

सकाळचे पोहे दुपारी आठवत नाहीत या माणसाला. मी उठले. आत जाऊन फोन केला.

"नहीं बोल रहे हैं," मी सांगितलं.

"पक्का?"

"दो बार पूछा. अब फिर से पूछूंगी तो वो पूछना नहीं रहेगा."

ती बरं म्हणाली. पुढच्या तपासणीची वेळ दिली आणि फोन ठेवला. औषध गेलं. ह्यांनीच घालवलं, सगळं नीट समजून. मला रडू आलं आणि संतापही आला. बाहेर येऊन मी चांगली तणतणले, "आयुष्यभर स्वतःचंच खरं केलंत, आताही तेच!" हे वर्तमानपत्र वाचल्यासारखं करत बसले. आजाऱ्यावर मी रोजच चिडते आणि मग मन खातं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी माझ्या नवऱ्याशी भांडले.