येळवशीला चालू ठेवलेला लॅपटॉप

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, लातूर ओस पडतं. दुकानं बंद, गल्ल्या रिकाम्या, सगळी माणसं शेतात. हे पुण्यातल्या माझ्या मॅनेजरला कोण सांगणार? त्यानं नेमकी त्याच दिवशी ॲपची नवी रिलीज ठेवली आणि वर बजावलं, "संध्याकाळपर्यंत सगळ्या टेस्ट पास झाल्या पाहिजेत. नाहीतर रात्रीच्या गाडीनं निघ. घरून काम करणं बंद."

आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी दोघंच. मला पुण्याला जायचं नव्हतं.

माझं काम सांगायला गेलं की लोक जांभया देतात. ॲपचं बटण न् बटण दाबून बघणाऱ्या स्क्रिप्ट मी लिहिते. त्या चालतात कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर. तिथे ब्राउझर उघडतो, फॉर्म भरतो, चुका शोधतो, आणि मला इथे नुसत्या हिरव्या ओळी दिसतात. अशी एक पूर्ण फेरी, म्हणजे रन, सर्व्हरवर सोडून देऊन मोकळं होता येतं. पण माझा जीव कुठला थाऱ्यावर! मला कासरा हातात लागतो. म्हणून मी रन लॅपटॉपला जोडूनच ठेवते; घरचं नेट तुटलं की तिकडचा रनही बंद. त्या सकाळीही तसाच चालू ठेवून मी बाबांच्या मोटारसायकलवर बसले.

शेतात कडब्याच्या कोपीत पूजा झाली. चुलत्यांनी ज्वारीत आंबील शिंपडली. माझ्या पानात भज्जी, बाजरीचे उंडे, आणि डोळे फोनमध्ये. रेंजसाठी विहिरीच्या कठड्यावर चढले, तेव्हा मेसेज आला. कनेक्शन तुटलं होतं.

"लाईट गेली असंल," चुलते म्हणाले.

"न्हाई. मेन स्विच मीच बंद करून आलो," बाबा म्हणाले. "येळवशीला घर बंद करताना करतोच की दरसाली."

"काही कळतं का हो तुम्हाला?" मी सगळ्यांसमोर ओरडले, आणि ओरडल्याबरोबर माझी मलाच लाज वाटली. बाबांनी हातातला उंडा पानात ठेवला, हात धुतले आणि गाडीला किक मारली. मी मागे बसले.

घरी येऊन रन पहिल्यापासून लावला, या वेळी सर्व्हरवरच सोडून दिला. तरी माझं बूड टेकेना. उठायचं, पाणी प्यायचं, परत स्क्रीन बघायची. बाबा दारात उभेच. त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नाही.

दिवेलागणीला शेवटची टेस्ट पास झाली. मॅनेजरनं कळवलं, ठीक आहे, राहा तिकडेच.

"झालं, बाबा. जायचं नाही पुण्याला."

"न्हाई ना?" त्यांनी दोनदा विचारलं. मग वाकून चपला काढायला लागले. दुपारपासून त्या पायातच होत्या.

"चपला कशाला ठेवल्या होत्या?" मी विचारलं.

"तुला ष्ट्यांडवर सोडावं लागतंय का काय, म्हणून."