मागच्या बाकावरची मावशी

दिवसभर वर्गात बसायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, अशी नोकरी आहे म्हटलं की लोक हसायचे. म्हणायचे, बरं आहे बाई तुमचं, नुसतं बसायचा पगार. तिला ते मुळीच आवडायचं नाही. शाळेत शिकवतात कसं आणि ते आणखी बरं कसं शिकवता येईल, याचं संशोधन करणारी एक संस्था होती, तिथे ती निरीक्षक होती. मुलांच्या मापाच्या मागच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबायचे, मांडीवर खुणांचा कागद लावलेला पुठ्ठा ठेवायचा, आणि ठरावीक वेळाने मनगटावरचं घड्याळ थरथरलं की मान वर करून बघायचं. बाई बोलतायत, मुलं एका सुरात म्हणतायत, कुणी एकटं वाचतंय, की सगळा वर्ग खिडकीबाहेर बघतोय. जे दिसेल त्यावर खूण करायची आणि पुन्हा गप्प. मुलं तिला मुक्या बाई म्हणायची. एका कार्टीने तर आवाज येतो का बघायला तिला चिमटासुद्धा काढला होता. आवाज आला नाही.

आधी ती स्वतः शिकवायची, आणि झकास शिकवायची. पण तिला नसते प्रश्न पडायचे. आपण शिकवतो म्हणून मूल शिकतं, की आपण शिकवत असूनही शिकतं? असले प्रश्न पडणारी माणसं शेवटी अशा संस्थेतच जाऊन पडतात. तिथे तिचं नाव झालं ते चोख कामामुळे. बाकीचे निरीक्षक दुपारी पेंगायचे आणि मग अंदाजपंचे खुणा ठोकून द्यायचे. हिचं तसलं काही नाही. प्रमुख सर चारचौघांत म्हणायचे, यांची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हे ऐकून ती मान खाली घालायची, पण मनातून फुलायची. सरळपणाचाही माणसाला माज चढतो बरं का, आणि चढलेला त्याला कळत नाही, हीच तर पंचाईत.

तिने लग्न केलं नव्हतं. सख्खं म्हणावं असं एकच घर, पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या ताईचं. ताई लॉन्ड्रीत इस्त्री करायची, भावजी ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरच. त्यांची एकुलती एक लेक घरभर, गल्लीभर फिरत असायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. मावशीचा तिच्यावर भारी जीव. आणि भिंगरीचा मावशीवर त्याहून जास्त. मावशी आली की पोरगी तिच्या मांडीवरून उठायचं नाव घ्यायची नाही.

तर झालं असं, की संस्थेने वाचन शिकवण्याची एक नवी पद्धत तयार केली. सगळ्या वर्गाने एका सुरात धडा म्हणायचा, हे बंद. मुलांनी जोडीजोडीने बसायचं, ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याला घेऊन, गोष्टींची छोटी कार्डं शब्दावर बोट ठेवून वाचायची. ही पद्धत खरंच चांगली की नुसतीच नवी, हे कळायला हवं ना? म्हणून चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. निम्म्या शाळांना नवी पद्धत मिळणार आणि निम्म्या होत्या तशाच चालणार. या दुसऱ्या शाळांना तुलनेच्या शाळा म्हणायचे. त्यांच्यासाठी निरीक्षकांना कडक ताकीद होती. तिथे शिकवण्याबद्दल बाईंना, मुलांना, कुणालाही अवाक्षर बोलायचं नाही. तुम्ही बोललात की ती शाळा बदलली, आणि मग तुलना कशाशी करणार?

चिठ्ठ्या काढायला सरांनी हिलाच पुढे बोलावलं, म्हणाले, यांच्या हाताबद्दल कुणाला शंका नको. तिने एकेक चिठ्ठी उचलली. भिंगरीच्या शाळेची चिठ्ठी तिच्याच हातून तुलनेच्या ढिगात पडली. आणि वर कामाची वाटणी झाली तेव्हा त्याच शाळेतला पहिलीचा, भिंगरीचाच वर्ग तिच्या वाट्याला आला.

तेव्हाच म्हणायचं, सर, या वर्गात माझी भाची आहे. एका वाक्याचं काम. पण त्याच आठवड्यात एका निरीक्षकाने आपल्या मुलाची शाळा नव्या पद्धतीत घाला म्हणून सरांकडे गळ घातली होती, आणि सरांनी त्याची सगळ्यांदेखत बिनपाण्याने केली होती. हिला वाटलं, आपण भाचीचं नाव काढलं तर आपल्यालाही त्याच रांगेत बसवतील. ती मूग गिळून बसली. शिवाय रोज पोरगी डोळ्यांसमोर राहील, हाही लोभ होताच. लोभ नव्हता असं ती तरी कशाला म्हणेल.

वर्गातल्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या, पण पार थकलेल्या. त्या एक ओळ म्हणायच्या, मागून सगळा वर्ग म्हणायचा. त्यात सगळ्यात खणखणीत आवाज भिंगरीचा. पुस्तक उभं धरून, मान हलवत, पोरगी अख्खा धडा अडखळल्याशिवाय म्हणायची. बाई खूश. पण बाई समोर उभ्या, त्यांना दिसायचा पुस्तकाचा पुठ्ठा. मागच्या बाकावरून पान दिसायचं. भिंगरीचं बोट ओळीवर नसायचंच, ते असायचं चित्रावर. कधी धडा सरला तरी पान उलटायचं राहून गेलेलं. पोरगी वाचत नव्हती. तिने सगळं ऐकून पाठ केलं होतं, आणि तिला एक अक्षर धड ओळखता येत नव्हतं.

हे मावशीच्या लक्षात आलं आणि तेवढ्यात घड्याळ थरथरलं. तिने वर बघितलं, खाली बघितलं, आणि खूण केली: मुलं एका सुरात म्हणतायत. जे दिसत होतं ते तेवढंच होतं. बोट कुठे आहे, याला पुठ्ठ्यावरच्या कागदात जागाच नव्हती.

ताई बिचारी संध्याकाळी लॉन्ड्रीतून हात शेकून आलेली असायची. हिला बघितलं की विचारायची, तू तर रोज तिच्या वर्गात असतेस, कशी आहे गं अभ्यासात?

"बरी आहे," मावशी म्हणाली.

"तू बघतेयस ना, मग मला घोर नाही," ताई म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

ताईला स्वतःला जेमतेम सही यायची. पोरीचं वाचन तपासायचं म्हटलं तरी ती कशी तपासणार? तिने सगळा भार बहिणीवर टाकला आणि निर्धास्त झाली. आणि बहिणीने काय केलं, तर मनाई घरीसुद्धा लागू धरून मनातल्या मनात बेत आखला. एवढं वर्ष जाऊ दे. आकडे गोळा झाले, मनाई उठली, की सुट्टीभर पोरीला घेऊन बसते. माझ्या हाताखालून न वाचता गेलेलं एक तरी मूल आहे का? एवढं वर्ष गेलं की झालं.

वर्ष गेलं आणि संस्थेने ठरवलं की एका वर्षाने काय कळणार, आणखी एक वर्ष बघू. मग आणखी एक, असं करता करता सहा वर्षं झाली. मावशी त्याच मुलांबरोबर वरच्या वर्गात जात राहिली, तशीच मागच्या बाकावर. आता धडे लांबत चालले होते, पाठ करून भागेना. भिंगरीने मग दुसऱ्या युक्त्या शोधल्या. वाचायची पाळी आली की खोकला यायचा, पेन्सिल पडायची, शेजारणीला कोपर मारून पहिला शब्द विचारून घ्यायची. चुरूचुरू बोलणारी पोर वर्गात गप्प बसायला लागली. आता वर्गात मुकी एक नव्हती, दोघी होत्या. मावशी घरी जाऊन रडायची आणि सकाळी उठून पुन्हा पुठ्ठा घेऊन निघायची. एवढं रडायचं होतं तर बोलायचं होतं की एकदा! पण नाही. तिला वाटायचं, आता बोललं तर इतकी वर्षं गप्प बसले ते फुकट जाईल.

शेवटी एकदाचं काम संपलं. नव्या पद्धतीची मुलं पुष्कळ पुढे गेली होती. संस्थेत आनंदीआनंद. आकडे पक्के करण्याआधी सरांनी सगळ्या निरीक्षकांना बोलावलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, की कुणाच्या वर्गात कुणाचं नात्यातलं मूल होतं का? हिने हात वर केला. खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं, फक्त न बोलणं होतं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो, पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का? तुम्हाला दुसरी शाळा दिली असती. आता तो वर्ग मोजता येणार नाही. नात्यातल्या निरीक्षकाचा वर्ग आपण धरत नाही."

"पण सर, मी तिला एक शब्दही सांगितला नाही," ती म्हणाली. "घरीसुद्धा नाही."

सर तिच्याकडे बघतच राहिले. "घरी का नाही? मनाई निरीक्षकाला होती. तुम्ही त्या वर्गाच्या निरीक्षक नसतात, तर मावशी म्हणून भाचीला खुशाल शिकवलं असतंत. ते आम्ही कसं अडवणार?"

झालं. तो वर्ग बाजूला काढला गेला. भिंगरीच्या न वाचण्याचा कुणालाच काही उपयोग झाला नाही, संस्थेलासुद्धा नाही. लोक आपलं नुकसान चारचौघांत मोजून दाखवतात, हिला ते सांगायलाही कुठे तोंड नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती गोष्टींची कार्डं पिशवीत घालून ताईकडे गेली. भिंगरी आता उंच झाली होती, आईएवढी. तिने वरचं कार्ड उचललं, त्यावर चेंडूमागे पळणारा कुत्रा होता. तिने ते तसंच खाली ठेवलं. ही बाळांची आहेत मावशी, म्हणाली, आणि चपला घालून बाहेर निघून गेली. मावशीने जंग जंग पछाडलं, मोठ्यांसाठी पुस्तकं आणली, सिनेमाची आणली, पण पोरगी हाती लागली नाही. एकदा लाज मनात बसली की बसली. शाळा सुटली ती कायमची, आणि भिंगरी आईशेजारी इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली. कपड्यांना आकड्यांचे बिल्ले असतात, आकडे तिला येत होते, अडलं काही नाही. असं ताई म्हणायची. नव्या पद्धतीची कार्डं पुढे सगळ्या शाळांत गेली. मावशीला कौतुकाचं पत्र मिळालं, ते तिने कपाटावर टाकलं आणि वर जुन्या चादरी रचल्या.

पुढे ताईचे गुडघे गेले, लॉन्ड्रीचं काम भिंगरीने एकटीने ओढलं. तिचं लग्न झालं, मुलगी झाली. ती मुलगी त्याच शाळेत जायला लागली. तिथे आता जोड्या बसतात, आणि घरच्या मोठ्या माणसाने रोज मुलाचं वाचन ऐकावं असा नियम आहे. मावशी तोवर निवृत्त झाली होती. एका दुपारी भिंगरीने तिला लॉन्ड्रीत बोलावून घेतलं.

कपड्यांच्या वाफेने खोली भरलेली होती. चिमुरडी गठ्ठ्यावर बसून वाचत होती, मोठमोठ्याने, मान हलवत.

"मावशी, जरा ऐक हिचं," भिंगरी इस्त्री फिरवत म्हणाली. "खरंच वाचते, की माझ्यासारखं पाठ म्हणते? मला काही समजत नाही. तुला समजतं."

मावशी गठ्ठ्याशेजारी स्टुलावर बसली. बघितलं. ऐकलं. पोर एका शब्दाशी अडली, मागे आली, पुन्हा लागली.

"वाचते," मावशी म्हणाली. "अगदी खरं वाचते."

भिंगरीचा चेहरा उजळला. "कशावरून गं?"

"बोट बघ ना तिचं. शब्दाशब्दावर आहे. तुझं चित्रावर असायचं."

बोलून गेली आणि मग कळलं आपण काय बोललो. इतकी वर्षं सांभाळलेलं तोंड, ते भलत्याच दुपारी उघडलं. भिंगरीने इस्त्री उभी करून ठेवली. चिडली नाही.

"म्हणजे तुला तेव्हाच ठाऊक होतं," ती सावकाश म्हणाली. "मला वाटायचं, तुला नंतर कुणीतरी सांगितलं, म्हणून कार्डं घेऊन आलीस. मी तर तुझ्यासाठीच पाठ करून यायचे. मागे माझी मावशी बसलीय, तिला वाटायला हवं की हिला येतं."

चिमुरडी वाचतच होती.

"मग बोलली का नाहीस?"

"मला मनाई होती गं," मावशी म्हणाली.

"कुणाची?" भिंगरीने विचारलं.

वाफ खिडकीतून बाहेर जात होती. मावशी नातीच्या बोटाकडे बघत राहिली. ते ओळीच्या टोकाला पोचलं, खालच्या ओळीवर आलं आणि पुढे चालू लागलं. भिंगरीने इस्त्री उचलली आणि पुढचा कपडा ओढला.