पोटात उघडणारी कट्यार

लवू मेस्त्री मूळचा मालवणकडचा सुतार. गिरणीतली नोकरी सुटल्यावर अंधेरीच्या एका स्टुडिओत लागला. तिथे ऐतिहासिक चित्रपटांसाठी तो लाकडाच्या तलवारी, पत्र्याच्या ढाली, चंदेरी रंग फासलेले भाले बनवायचा. काम त्याच्या आवडीचं होतं. "माझ्या तरवारीन आजपर्यंत काकडीसुदीक कापली नाय," असं तो बायकोला, जानकीला, हसत सांगायचा.

चोपन्न सालची गोष्ट. दिग्दर्शक श्यामसुंदर एका संस्थानिकाच्या लिलावातून खरी कट्यार घेऊन आला आणि तिची नक्कल करायला त्याने ती लवूच्या पाटावर ठेवली.

लवूने ती उलटसुलट करून पाहिली. तलवारीसारखी मूठ नव्हतीच. दोन उभ्या दांड्या आणि मधे दोन आडवे गज. गज मुठीत धरले की दांड्या मनगटाला दोन्ही बाजूंनी लागत आणि पातं बोटांच्या पुढे सरळ निघे. ठोसा मारावा तशी ती खुपसायची; खांद्याचा सगळा जोर टोकावर. टोक मुद्दाम जाड ठेवलेलं, चिलखताच्या कड्या फुटाव्यात म्हणून. दांड्यांवर सोन्याची वेल होती, वेलीवर पोपट. कुणीतरी डोळे फोडून केलेलं काम! लवूने बोट फिरवलं आणि काही हाताला लागलं असावं तसं ते लेंग्याला पुसलं.

"अरे, गंमत पुढेच आहे," श्यामसुंदर म्हणाला. त्याने गज दाबले. खट्! पातं मधोमध दुभंगलं आणि आतून दुसरं बारीक पातं दिसलं. "आत गेल्यावर दाबायची. बाहेर येताना आतडी घेऊनच येते!"

"लढाईत ही चालायची, साहेब?"

"उघडणारी? छे. ही मिरवायची. बाकी कट्यारी दरबारात कमरेला असायच्या, लग्नात नवरदेवाच्या हातात. पण पडद्यावर ही काय दिसेल, यार!"

तोवर शेडमध्ये गर्दी झाली. जो तो गज दाबून बघत होता. नायकाचं काम करणारा नंदकुमार एका हातात अर्धा बटाटेवडा धरून दुसऱ्या हाताने खट्-खट् करत होता. दर खटक्याला हशा. लवूला लोखंडाची किळस आली नव्हती. ही माणसं ज्या चवीने बघत होती, त्या चवीची आली.

त्याने नक्कल केली, स्प्रिंगसुद्धा बसवली. श्यामसुंदरला पसंत पडली नाही. "खेळणं वाटतंय. रक्त खरं पाहिजे," तो म्हणाला आणि त्याने बोकड मागवला. दोन दिवस बोकड लवूच्या शेडच्या खांबाला बांधलेला होता. लाकडाचा भुसा हुंगायचा, शिंकायचा.

शॉटच्या वेळी बोकडावर सरदाराचा अंगरखा घातला, म्हणजे कॅमेऱ्यात नुसतं कापड दिसेल. नंदकुमारने खरी कट्यार खुपसली, गज दाबले, आणि किंचाळून हात सोडला. पाती आत उघडली ती बरगड्यांत अडकली. मिटेनात, निघेनात. बोकड ओरडत राहिला. कॅमेरा चालूच होता.

"मेस्त्री! मेस्त्रीला बोलवा, काढायला सांगा!"

लवू धावत आला. त्याने एक नजर टाकली, कट्यार उचकटायला आणलेली पटाशी बाजूला फेकली आणि स्टुडिओच्या खानसाम्याचा सुरा मागून घेऊन आधी बोकडाचा गळा कापला. ओरडणं थांबल्यावर पाय रोवून त्याने कट्यार उपसली. सोन्याच्या पोपटाला काय काय चिकटलं होतं!

"झकास!" श्यामसुंदर टाळ्या वाजवत म्हणाला. "ओरडणं खरंखुरं आलं. मेस्त्री, धुऊन ठेव ती. आणि मटणाचा वाटा घेऊन जा."

लवूने कट्यार त्याच्या पायाशी, त्याच्या पांढऱ्या बुटांवर टाकली. "तुम्हीच धुवा. माझ्या शेडमध्ये ही घाण आणायची नाय."

"डोकं फिरलं काय रे तुझं? बोकडच होता ना?"

"बोकड मीपण खातो, साहेब. पण त्याच्या ओरडण्यावर टाळ्या नाय वाजवत."

तो गेला तो परतला नाही. घरी तो नळाखाली हात घासत असताना जानकीने विचारलं, "काय झाला? रगात कसला?" त्याने सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "बरा केलास."

पुढे मुलुंडला एका शाळेची बाकं करायचं काम मिळालं आणि तिथेच तो टिकला. चित्रपट लागला. सेन्सॉरने नेमकं तेच दृश्य कापलं होतं. ते ऐकून लवू गटारात थुंकला. "म्हणजे तो फुकटच मेला."

वर्षभराने श्यामसुंदर स्वतः दारात आला. नवा चित्रपट, दुप्पट पगार. "या खेपेला जनावर नाही, शपथ! फक्त भाले."

जानकी चहाला उठली. लवूने तिला हाताने थांबवलं.

"माका जमाचा नाय," तो म्हणाला आणि पाहुणा ओट्यावर उभा असतानाच त्याने दार लावून घेतलं.